प्रथिनांचे वजन आणि रोगाचे निदान : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात ‘मास स्पेक्ट्रोमेट्री’ या पद्धतीविषयी एक छोटे टिपण आम्ही छापले होते. रेणूंवर विद्युतभार चढवायचा, त्यांचे वजन अतिशय काटेकोरपणे मोजायचे आणि त्या वजनावरून ते रेणू कोणते हे ठरवायचे, अशी ही पद्धत असून रोगांत भाग घेणाऱ्या प्रथिनांच्या अभ्यासात तिचा मोठा उपयोग होतो, एवढेच त्यात सांगितले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्रामागे एका घराची काळजी आहे, म्हणून त्याच्या उत्तराला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. पायांवर सूज येते आणि चालताना दम लागतो म्हणून तपासण्या केल्या, तेव्हा हृदयाच्या भिंती जाड झाल्याचे दिसले आणि बायोप्सीत ‘अमायलॉइड’ असल्याचा अहवाल आला. आता डॉक्टर म्हणतात की बायोप्सीचा ब्लॉक मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी बाहेर पाठवावा लागेल. रोग सापडलेला असताना आणखी एका महागड्या तपासणीसाठी का थांबायचे? त्यांच्या दोन्ही मनगटांची कार्पल टनेलची (मनगटात दबलेली नस मोकळी करण्याची) शस्त्रक्रिया सात-आठ वर्षांपूर्वी झाली होती, हेही कळवते. (एक वाचिका, सातारा)

उत्तर : अमायलॉइड सापडले म्हणजे रोगाचे आडनाव कळले, नाव अजून कळायचे आहे आणि औषध ठरते ते नावावरून. शरीरातले एखादे प्रथिन आपली नेहमीची घडी सोडून चुकीच्या पद्धतीने दुमडते, त्याचे धागे एकमेकांना चिकटतात आणि हृदय, मूत्रपिंड, नसा किंवा यकृत यांत साचत जातात, त्या साठ्याला अमायलॉइड म्हणतात. १८५४ मध्ये रुडॉल्फ विरशो यांनी आयोडीन लावल्यावर आलेला रंग पाहून हा पदार्थ स्टार्चसारखा असावा असे मानले आणि त्यावरून हे नाव पडले. तो पिष्टमय नसून प्रथिनाचा आहे हे १८५९ मध्येच दाखवले गेले, तरी नाव तेच राहिले. माणसात असा साठा करू शकणारी चाळीसच्या आसपास प्रथिने आज माहीत आहेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती सगळी जवळजवळ सारखीच दिसतात. काँगो रेड नावाचे रंगद्रव्य त्यांना लाल रंगवते, ध्रुवित प्रकाशात ती सफरचंदी हिरवी चमकतात आणि त्यापलीकडे डोळ्याला काही सांगत नाहीत.

आता उपचार पाहा. साठा प्रतिपिंडांच्या, म्हणजे अँटिबॉडींच्या, हलक्या शृंखलांचा (त्यांच्या घडणीतल्या लहान साखळ्यांचा) असेल, तर त्या तयार करणाऱ्या अस्थिमज्जेतील पेशींवर केमोथेरपी द्यावी लागते. तो ट्रान्सथायरेटिन या प्रथिनाचा असेल, तर केमोथेरपीचा काडीचाही उपयोग नसतो, उलट उतारवयात तिचा त्रास मात्र पुरेपूर होतो. तेथे टॅफॅमिडिससारखे, त्या प्रथिनाचे चार भाग एकत्र बांधून ठेवणारे औषध द्यायचे असते. आणि तो सीरम अमायलॉइड ए या प्रथिनाचा असेल, तर शरीरात कोठेतरी वर्षानुवर्षे चाललेला दाह शोधून तो शमवावा लागतो. आपल्या देशात असा दाह पुष्कळदा क्षयरोगाचा असतो. एकाच दिसणाऱ्या डागामागे तीन वेगळ्या वाटा आहेत आणि चुकीची वाट धरली तर रुग्णाला नुसता वेळ गमावून भागत नाही.

मग रक्त तपासूनच हे का ठरवत नाहीत, असे आपण विचाराल. रक्ततपासणी आवश्यकच आहे, परंतु ती एकटी फसवू शकते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या एका काउंटीत झालेल्या मोठ्या पाहणीत सत्तरी ओलांडलेल्यांपैकी सुमारे पाच टक्के लोकांच्या रक्तात एकाच साच्यातून निघालेले प्रतिपिंड आढळले होते आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा काही उपद्रव नव्हता. अशा एखाद्या वृद्धाच्या हृदयात योगायोगाने ट्रान्सथायरेटिन साचलेले असले, तर रक्ताचा अहवाल बोट दाखवील हलक्या शृंखलेकडे आणि हृदय दुखावलेले असेल दुसऱ्याच प्रथिनामुळे. म्हणून ज्या ऊतीत साठा आहे, त्या ऊतीलाच विचारणे सर्वांत खात्रीचे.

ऊतीला विचारण्याची जुनी रीत म्हणजे अँटिबॉडीने रंगवून पाहणे. तिच्यातली अडचण अशी की आपल्याला ज्याचा संशय आहे त्याचीच अँटिबॉडी आपण लावतो आणि जे मनातही आले नाही ते सापडत नाही. शिवाय हलक्या शृंखलेचा मोठा भाग प्रत्येक रुग्णात वेगळा असल्यामुळे बाजारातली अँटिबॉडी तिला ओळखेलच असे नाही, आणि ऊतीत झिरपलेल्या रक्तद्रवामुळे नको तेथेही रंग चढतो. मास स्पेक्ट्रोमेट्रीत आधी अंदाज बांधावा लागत नाही, हे तिचे खरे मोल आहे आणि माझ्या मते तिच्याविषयी एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती हीच.

वडिलांच्या नमुन्याचे प्रत्यक्षात काय होईल तेही सांगते. मेणाच्या ठोकळ्यातून, म्हणजे आपण ज्याला ब्लॉक म्हणता त्यातून, केसाच्या जाडीहून पातळ चकती कापतात आणि तिला काँगो रेड लावतात. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर तंत्रज्ञ अमायलॉइडच्या ठिपक्यांभोवती बारीक रेघ आखतो आणि त्या रेघेवरून लेसरचा किरण फिरून तेवढाच तुकडा सुटा करतो. भोवतालचा चांगला स्नायू मागे राहतो आणि एक चौरस मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढा साठा छोट्या नळीत जमा होतो. हे कातरकाम नीट झाले नाही तर पुढचे यंत्र कितीही मोलाचे असो, ते चांगल्या स्नायूचेच वजन करीत बसेल. त्यानंतर तो तुकडा द्रावणात तापवून ऊती टिकवण्यासाठी वापरलेल्या फॉर्मॅलिनने प्रथिनांत घातलेल्या गाठी सोडवतात, ट्रिप्सिन या विकराने (एन्झाइमने) प्रथिनांचे तुकडे करतात आणि ते तुकडे यंत्रात सोडतात. अपोलिपोप्रोटीन ई आणि सीरम अमायलॉइड पी ही प्रथिने बहुतेक प्रत्येक अमायलॉइडला सोबत करतात, त्यामुळे यंत्राने दिलेल्या प्रथिनांच्या यादीत ती दिसली की नमुना योग्य जागचा आहे याची खात्री पटते, आणि त्यांच्यासोबत ज्या प्रथिनाचे तुकडे भरपूर सापडतात, ते मूळ प्रथिन. लेसरने कातरून मग वजन करण्याची ही रीत अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधील गटाने २००९ मध्ये प्रसिद्ध केली आणि आज प्रकार ठरवण्यासाठी ती सर्वांत भरवशाची मानली जाते.

तिचा आणखी एक उपयोग आहे. ट्रान्सथायरेटिनचा विकार दोन तऱ्हांनी होतो, काहींना वयोमानाने आणि काहींना जनुकातील बदलामुळे. पोर्तुगालमध्ये १९५२ मध्ये वर्णन झालेल्या आनुवंशिक विकारात प्रथिनाच्या साखळीत तिसाव्या जागी व्हॅलीन या अमिनो आम्लाऐवजी (अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले मणी) मेथिओनीन येते आणि तेवढ्याने त्या तुकड्याचे वजन ३२ डाल्टनने वाढते (एक डाल्टन म्हणजे साधारण हायड्रोजनच्या एका अणूचे वजन). असे वाढलेले वजन दिसले तर जनुकतपासणी करून भावंडांना आणि मुलांना वेळेवर सावध करता येते.

दोन गोष्टी आवर्जून सांगते. दोन्ही मनगटांच्या शस्त्रक्रियेची माहिती हृदयरोगतज्ज्ञांना अवश्य द्या, कारण ट्रान्सथायरेटिन हृदयात त्रास देण्याच्या कितीतरी वर्षे आधी मनगटाच्या अस्थिबंधात साचू शकते. त्यावरून निदान होत नाही, पण दिशा मिळते. दुसरे असे की हलक्या शृंखलांचा प्रकार असेल तर आठवडेही मोलाचे असतात. म्हणून ब्लॉक पाठवला म्हणजे बाकीचे काम थांबले असे होऊ नये. रक्तातील मुक्त हलक्या शृंखला, रक्त आणि लघवीची इम्युनोफिक्सेशन तपासणी (एकाच साच्यातले प्रतिपिंड शोधणारी) आणि टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याने केलेला हृदयाचा स्कॅन हे सगळे त्याच काळात करून घेता येते का, असे डॉक्टरांना सरळ विचारा. रक्त आणि लघवीच्या तपासण्या निर्दोष आल्या आणि स्कॅनमध्ये हृदय ठळक उमटले, तर पुष्कळ रुग्णांत ऊतीच्या तपासणीवाचूनही ट्रान्सथायरेटिनचे निदान करता येते.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवीत असे. अंड्याचा पांढरा बलक तापवला की तो गोठतो, त्याची वाफ होत नाही. मग निर्वात यंत्रात प्रथिने उडवून त्यांचे वजन करतात हे कसे शक्य आहे? (एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : सर, नेमक्या याच प्रश्नावर हे शास्त्र अनेक दशके अडून राहिले होते. अणूंचे वजन करणे फार आधी जमले. जे. जे. टॉमसन यांनी केंब्रिजमध्ये निऑनचे वीस आणि बावीस वजनाचे अणू वेगळे केले, त्यांचे सहकारी फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी १९१९ मध्ये त्यासाठी नवे यंत्र बांधले आणि १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळवले. खळ्यात धान्य उफणताना एकाच वाऱ्यात दाणा जवळ पडतो आणि भूस दूर जाते, तसेच येथे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रात हलके आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, अधिक वळतात आणि जड आयन कमी. परंतु उफणण्यासाठी आधी दाणे सुटे हवेत आणि प्रथिन सुटे करून हवेत उडवायला गेले की आपण म्हणता तसे ते उष्णतेने बिघडते.

यावर दोन उपाय निघाले. अमेरिकेतील जॉन फेन यांनी प्रथिनाचे द्रावण केसासारख्या बारीक सुईतून काही हजार व्होल्टच्या दाबाखाली फवारले. सुईच्या टोकाशी द्रवाचा इवलासा शंकू तयार होतो आणि त्यातून विद्युतभारित तुषार सुटतात. तुषारातले पाणी उडत जाते, भार दाटतो, तुषार फुटून आणखी लहान होतो आणि शेवटी भार अंगावर घेतलेले प्रथिन एकटे उरते. तापवून उकळवण्याचा प्रश्नच येत नाही. प्रकाशझोत आडवा धरला तर तो तुषार नुसत्या डोळ्यांनीही धुक्याच्या बारीक झोतासारखा दिसतो, आणि तो स्थिर झाला की यंत्राजवळ बसलेल्या माणसाचा जीव भांड्यात पडतो.

दुसरा उपाय जपानमध्ये क्योटोच्या शिमाझू कंपनीतला. कोइची तानाका हे तेथील तरुण अभियंता. त्यांचे शिक्षण विद्युत अभियांत्रिकीतील पदवीपर्यंतचे. १९८५ मध्ये धातूच्या अतिसूक्ष्म भुकटीत त्यांच्या हातून चुकून ग्लिसरीन पडले. महाग भुकटी टाकून देणे त्यांच्या जिवावर आले, म्हणून त्यांनी तेच मिश्रण लेसरखाली ठेवले आणि मोठे रेणू न तुटता उडताना दिसले. लेसरची उष्णता भुकटीने आणि ग्लिसरीनने स्वतःकडे घेतली होती. जर्मनीत कारास आणि हिलेनकाँप यांनी त्याच सुमारास स्फटिकी द्रव्य वापरून अशीच पद्धत बसवली आणि प्रयोगशाळांत पुढे रुळली ती त्यांची. फेन आणि तानाका यांना २००२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आता वजनावरून ओळख कशी पटते ते पाहू. ट्रिप्सिन प्रथिनाला लायसीन आणि आर्जिनीन या दोन अमिनो आम्लांनंतरच कापते, त्यामुळे प्रत्येक प्रथिनाचे तुकडे ठरलेले असतात. यंत्र एकेका तुकड्याचे वजन करते, मग तोच तुकडा वायूच्या रेणूंवर आदळून फोडते आणि फुटलेल्या भागांचेही वजन करते. लगतच्या दोन भागांत ५७ डाल्टनचा फरक आला तर मधले अमिनो आम्ल ग्लायसीन, ७१ आला तर अ‍ॅलॅनीन, ९९ आला तर व्हॅलीन, अशी अक्षरे जुळत जाऊन शब्द वाचता येतो. ल्युसीन आणि आयसोल्युसीन या दोघांचेही वजन ११३ असल्यामुळे त्यांच्यात यंत्राला सहसा भेद करता येत नाही. वाचलेला शब्द माणसाच्या सुमारे वीस हजार जनुकांच्या यादीशी संगणक ताडून पाहतो आणि प्रथिनाचे नाव सांगतो. आपल्या विद्यार्थ्यांना सांगायला सोपे जावे म्हणून एवढे जोडते की हा काटा सराफाच्या काट्यासारखा वस्तूला तोलत नाही. तो वजन आणि विद्युतभार यांचे गुणोत्तर मोजतो आणि भार किती हे कळल्यावर वजन काढतो.

प्रश्न : आम्ही गडचिरोली भागात सिकलसेलच्या तपासणीचे काम करतो. सिकलसेल हा प्रथिनाचाच दोष असेल, तर त्यासाठीही असे यंत्र हवे का? (एक आरोग्यसेवक)

उत्तर : गावपातळीवर नको. आपण करीत असलेली सोल्युबिलिटी तपासणी आणि तीत दोष आढळल्यास हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी, हाच मार्ग योग्य आणि पुरेसा आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा भरही अशाच तपासण्यांवर आहे.

पण आपला प्रश्न मुळाशी जाणारा आहे, कारण प्रथिनाचे तुकडे करून रोगाचे कारण शोधण्याची वाट सिकलसेलनेच दाखवली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी सिकलसेलचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते हे दाखवून याला रेणूचा रोग म्हटले. नंतर व्हर्नन इन्ग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये ते हिमोग्लोबिन ट्रिप्सिनने कापले, तुकडे कागदावर पसरवले आणि दोष एकाच तुकड्यात आहे हे १९५६ मध्ये दाखवले. बीटा शृंखलेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आलेले असते. हेच आज यंत्रावर पाहिले तर निरोगी शृंखलेचे वजन १५,८६७ डाल्टन आणि सिकलसेलच्या शृंखलेचे १५,८३७, म्हणजे फरक तीस डाल्टनचा. ट्रिप्सिनने सुटलेला पहिला, आठ अमिनो आम्लांचा तुकडा घेतला तर एकाचे वजन ९५१.५ आणि दुसऱ्याचे ९२१.५. यंत्राच्या आलेखावर प्रत्येक वजनाचे एक शिखर उमटते आणि वाहक व्यक्तीच्या रक्तात ही दोन्ही शिखरे शेजारी उभी दिसतात. आईकडून एक आणि वडिलांकडून एक जनुक येते म्हणजे काय, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे चित्र मी पाहिलेले नाही.

पंजाबात अधिक आढळणाऱ्या हिमोग्लोबिन डी या प्रकारात मात्र फरक जेमतेम एक डाल्टनचा असतो. सोळा हजारांच्या सबंध शृंखलेत तो साध्या यंत्रावर विरून जातो. शृंखला कापून लहान तुकड्याचे वजन केले की उघड होतो. ब्रिटनमधील काही प्रयोगशाळा नवजात बाळांच्या टाचेतून कागदावर घेतलेल्या रक्ताच्या ठिपक्यावर सिकलसेलसाठी ही पद्धत वापरतात. तेथे एकाच ठिकाणी रोज मोठ्या संख्येने नमुने येतात, म्हणून यंत्राचा खर्च परवडतो.

प्रश्न : माझ्या लघवीच्या कल्चर अहवालावर ‘माल्डी-टॉफने ओळख’ असे छापले आहे. ही तीच पद्धत का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : होय. लेसर आणि स्फटिकी द्रव्य वापरणारी, वर आलेली कारास आणि हिलेनकाँप यांची पद्धत ती हीच. नमुन्यात वाढलेल्या जिवाणूंचा एक ठिपका स्फटिकी द्रव्यात मिसळून लेसरखाली ठेवतात आणि दोन हजार ते वीस हजार डाल्टनच्या पट्ट्यात उमटणारी शिखरे, जी मुख्यतः रायबोसोमच्या (पेशीत प्रथिने घडवणाऱ्या कणांच्या) प्रथिनांची असतात, साठवलेल्या नमुन्यांशी जुळवून जिवाणूची जात सांगतात. वसाहत वाढल्यानंतर हे काम काही मिनिटांत होते. कोणते प्रतिजैविक लागू पडेल हे मात्र त्यावरून सहसा कळत नाही, म्हणून संवेदनशीलतेचा तक्ता हाती येईपर्यंत डॉक्टर थांबायला सांगतात ते बरोबरच आहे.

प्रश्न : रक्ताच्या एका थेंबातील प्रथिने तपासून सगळे कर्करोग ओळखता येतात, अशी एक चित्रफीत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरते आहे. माझ्या मावशी अंडाशयाच्या कर्करोगाने गेल्या. मी ही तपासणी करून घ्यावी का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : नाही, करून घेऊ नका. का नाही, हे समजण्यासाठी याच कर्करोगाच्या बाबतीत घडलेली एक गोष्ट सांगते. २००२ च्या फेब्रुवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध आला. रक्तद्रवातील प्रथिनांच्या शिखरांचा आकृतिबंध पाहून संगणकाने अंडाशयाच्या कर्करोगाच्या ५० पैकी ५० रुग्णा ओळखल्या होत्या आणि कर्करोग नसलेल्या ६६ पैकी ६३ जणींना बरोबर वगळले होते. जगभर आशा पसरली, कारण हा आजार बहुधा पोटात पसरल्यानंतरच कळतो. तपासणी बाजारात आणायची तयारीही सुरू झाली.

टेक्सासमधील एम. डी. अँडरसन केंद्राचे संख्याशास्त्रज्ञ कीथ बॅगर्ली आणि त्यांचे सहकारी यांनी उपलब्ध आकडे पुन्हा तपासले. काही भेद यंत्रातील गोंगाटाच्या पट्ट्यात होते, जेथे प्रथिनाचा विश्वासार्ह संकेत नसतोच. नमुने हाताळण्याच्या आणि यंत्र लावण्याच्या पद्धतीतला फरकच कर्करोगाचा फरक म्हणून मोजला गेला असावा, असे त्यांनी दाखवले. एका गटाचे नमुने एका दिवशी आणि दुसऱ्या गटाचे दुसऱ्या दिवशी चालवले, तर संगणक रोग न ओळखता वार ओळखतो. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हस्तक्षेप केला आणि ती तपासणी बाजारात आली नाही.

समजा, तिचे आकडे खरे होते. तरीही हिशेब पाहा. दर २,५०० स्त्रियांमागे एकीला हा आजार आहे असे धरू. शंभरात पाच जणींना चुकीने ‘आहे’ म्हणणारी तपासणी त्या २,५०० जणींत खरी एक आणि खोट्या सुमारे सव्वाशे शोधून काढील, आणि त्या सव्वाशे निरोगी स्त्रियांच्या वाट्याला सोनोग्राफी, भीती आणि काहींच्या बाबतीत शस्त्रक्रिया येईल.

रक्त हा मुळातच अवघड नमुना आहे. त्यात अल्ब्युमिन दर लिटरला ३५ ते ५० ग्रॅम असते आणि इंटरल्युकिन-६ सारखे निरोप्या प्रथिन मिलिलिटरला काही पिकोग्रॅम (एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग), म्हणजे दोघांत हजार कोटीपटीचे अंतर. साऱ्या जगाच्या लोकसंख्येतून एक माणूस हुडकण्यासारखेच ते काम. गाठीतून सुटणारे प्रथिन सुरुवातीला या दुसऱ्या टोकाला असते. शिवाय नळीतले रक्त टेबलावर तासभर अधिक राहिले तर त्यातलीच विकरे प्रथिने कुरतडू लागतात आणि नवीच शिखरे उगवतात.

तरीही या संशोधनातून काहीच निघाले नाही असे मुळीच नाही. २००९ मध्ये अमेरिकेत पाच प्रथिनांची एक तपासणी मान्य झाली. त्यांत सातारच्या पत्राच्या उत्तरात आलेले ट्रान्सथायरेटिनही आहे. मात्र ती निरोगी स्त्रियांसाठी नाही. अंडाशयात गाठ आढळून शस्त्रक्रिया ठरलेलीच असेल, तर ती कर्करोगतज्ज्ञ शल्यचिकित्सकाकडे करावी का, एवढे ठरवायला ती मदत करते. आपल्या बाबतीत अधिक उपयोगाचे म्हणजे मावशींखेरीज आई, आजी आणि बहिणी यांच्यापैकी कोणाला स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला होता आणि कोणत्या वयात, याची नोंद घेऊन जनुकीय समुपदेशकाला भेटणे. या दोन कर्करोगांच्या आनुवंशिक धोक्याशी संबंधित बीआरसीए जनुकांची तपासणी करावी का, हे त्या भेटीत ठरेल.

प्रश्न : माझी आई पुण्यात असते आणि अलीकडे विसरू लागली आहे. इकडे अल्झायमरसाठी रक्ततपासणी निघाली आहे असे वाचले. ती आईसाठी करावी का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : अल्झायमरमध्ये मेंदूत बीटा-अमायलॉइड नावाचे लहान प्रथिन साचते. त्याचे दोन प्रकार मुख्य, एक चाळीस अमिनो आम्लांचा, वजन सुमारे ४,३३० डाल्टन, आणि दुसरा बेचाळीसचा, वजन सुमारे ४,५१४. बेचाळीसचा प्रकार मेंदूतल्या साठ्यात अडकून पडतो, म्हणून रक्तात त्याचे चाळीसशी असलेले प्रमाण घटते. ही घट फार थोडी असते आणि ती पकडायला वजनाच्या काट्याएवढी नेमकी पद्धत लागली. २०१८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात ती दाखवणाऱ्या जपानी निबंधाच्या लेखकांत वर उल्लेखिलेले कोइची तानाकाही होते. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील रँडल बेटमन यांच्या गटानेही याच दिशेने काम केले. पुढे टाऊ या मेंदूतील दुसऱ्या प्रथिनाच्या २१७ व्या जागी फॉस्फेट बसल्याची खूण, जिने तुकड्याचे वजन ८० डाल्टनने वाढते, अधिक भरवशाची ठरली. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्य केलेली पहिली रक्ततपासणी या दोन प्रथिनांचीच आहे, पण ती अँटिबॉडीने मोजते. अशी वाटचाल पुष्कळदा होते. खूण शोधून सिद्ध करायला मास स्पेक्ट्रोमेट्री लागते आणि नंतर रोजच्या कामाला स्वस्त पद्धत पुरते.

आईंच्या बाबतीत मात्र सुरुवात येथून करू नका. ती तपासणी लक्षणे असलेल्या आणि तज्ज्ञाने पाहिलेल्या व्यक्तीसाठी आहे, आणि ‘आहे’ असे उत्तर आले तरी त्यावरून मेंदूत साठा असल्याचा संभव कळतो, आताची विस्मृती त्याच्यामुळेच आहे हे ठरत नाही. पुण्यातच एखाद्या मेंदूविकारतज्ज्ञांकडून त्यांची स्मरणशक्तीची पद्धतशीर चाचणी करून घ्या. बी-१२, थायरॉइड, ऐकू येण्यातील उणीव, झोपेच्या गोळ्या आणि मनाची खिन्नता या गोष्टी आधी पाहिल्या जाव्यात. आपल्याकडे शाकाहारी घरांतील वडीलधाऱ्यांत बी-१२ ची कमतरता वरचेवर आढळते आणि ती भरून काढता येते.

प्रश्न : मी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी गाठीच्या ऊतीतील प्रथिनांचा नमुना तयार करून यंत्रावर चालवून घेतला. यादीत वरच्या क्रमांकांवर केराटिनच केराटिन आले आणि एका भागात समान अंतरावर शिखरांची रांग दिसते. माझा नमुना वाया गेला का? (एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : नमुना बहुधा गेला, पण त्यातून शिकायला पुष्कळ मिळेल. केराटिन हे कातडी, केस आणि नखे यांतले प्रथिन. त्वचेच्या कर्करोगात किंवा काही गाठींत ते खरेच असते, परंतु तुमच्या यादीत त्वचेच्या वरच्या थरातली एक, दोन, नऊ आणि दहा क्रमांकांची केराटिने एकदम असतील, तर ती नमुना हाताळणाऱ्याकडून आली असे समजावे. मी स्वतः शिकत असताना थंडीच्या दिवसांत लोकरीचा स्वेटर घालून जेल कापले होते आणि यादीत माणसाबरोबर मेंढीचे केराटिनही निघाले होते. शिखरांतले अंतर मोजा. ते ४४ डाल्टन असेल, तर ती पॉलिइथिलीन ग्लायकॉलची रांग आहे आणि ती बहुधा साबणातून किंवा डिटर्जंटने धुतलेल्या काचेतून आली आहे. भार दोन असेल तर हेच अंतर २२ दिसेल, हे ध्यानात ठेवा.

पुढच्या वेळी नायट्रिलचे हातमोजे घाला आणि चेहऱ्याला किंवा केसांना हात लागला की ते बदला. केस झाका, लोकरीचे कपडे टाळा, द्रावणे ताजी करा आणि नळ्या नव्या पाकिटातून काढा, धुतलेल्या वापरू नका. मुंबईच्या आयआयटीतील प्रोटिऑमिक्सच्या (प्रथिनांच्या एकत्रित अभ्यासाच्या) गटाने या विषयाचे अभ्यासक्रम एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणमंचावर ठेवले आहेत, तेही पाहा. आणि ऊतीचा पुढचा तुकडा उघडण्यापूर्वी ऊतीवाचून बाकी सगळी कृती, ट्रिप्सिनसह, एका रिकाम्या नळीत करून ती नळी यंत्रावर चालवून घ्या. तिच्यात ट्रिप्सिनचे स्वतःचे तुकडे तेवढे दिसले, तर खरा नमुना काढायला हरकत नाही.